उणे तीनवरचं बटण

चीनमधल्या युनशीच्या हायस्कुलातल्या गोंग योगनला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि तरी शेवटच्या वर्षाच्या बाराशे पोरांचं इंग्रजी त्याच्या हातात होतं. तो शिक्षक नव्हता. चौथ्या मजल्याच्या टोकाला ध्वनिक्षेपकाची खोली होती, तिथला तो माणूस. घंटा तो द्यायचा, सकाळच्या कवायतीचं संगीत तो लावायचा, आणि दुपारी बारा चाळीसला, पोरं जेवणाचे डबे धुऊन बाकांवर येऊन बसली की इंग्रजी ऐकण्याच्या सरावाची टेप तो सुरू करायचा. वीस प्रश्न, वीस मिनिटं, रविवार सोडून रोज. भिंतीवरच्या पेट्यांतून एक परदेशी बाई आणि एक परदेशी बाप्या बोलायला लागत. बाई विचारी, बाप्या उत्तर देई, आणि बाराशे पेन्सिली कागदावर टेकत. जूनमधल्या मोठ्या परीक्षेत या ऐकण्याला तीस गुण. तीस गुणांत आमच्याकडे आयुष्य इकडचं तिकडे होतं. कोणी विद्यापीठात जातं, कोणी ग्वांगतोंगला बुटांच्या कारखान्यात.

गोंगची बायको शुइयिंग तशाच एका कारखान्यात सात वर्षं बुटांचे तळ चिकटवत होती. ती नव्या वर्षाला घरी यायची आणि दर रविवारी फोन करायची. तेव्हा घरात बाप आणि लेक, दोघंच. गोंगचा सगळा जीव दोन गोष्टींत होता. एक त्याचं टेपचं यंत्र, दुसरी सूयी. यंत्र बावीस वर्षांत एकदाही अडकलं नव्हतं, कारण दर शनिवारी तो कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून, त्याचं तोंड बाळाचं पुसावं तसं पुसायचा. टेपवरचा शब्द न् शब्द त्याला पाठ होता, अर्थ एकाचाही ठाऊक नव्हता. भाजी परतताना तो ते परदेशी आवाज गुणगुणायचा आणि सूयी म्हणायची, "बाबा, आत्ता तुम्ही विमानाचं तिकीट मागितलंत."

सूयी शेवटच्या वर्षाला होती. वाचनात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पानभर उतारा समोर ठेवा, मग तो व्हेल माशांवरचा असो की कुठल्याशा म्हाताऱ्याच्या बागेवरचा, ती खालचे पाचही प्रश्न पेन्सिलीची टोकं चावत चावत सोडवून मोकळी व्हायची. ऐकायचं म्हटलं की मात्र तिची पाचावर धारण बसे. विसांतले नऊ, कधी दहा.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी जेवताना ती वाटी खाली ठेवून रडायला लागली.

"वाचलेलं कळतं बाबा. वाचताना ओळ थांबते माझ्यासाठी. ही बाई थांबतच नाही. मी पहिलं वाक्य धरते तोवर ती तिसऱ्यावर गेलेली असते."

"जरा सावकाश बोलली तर कळेल?"

"कळेल. पण तिला कोण सांगणार?"

त्याच्या यंत्राला उजवीकडे एक छोटं बटण होतं. मधे शून्य, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. टेप ताणलेली असली तर वेग सारखा करायला ते दिलेलं. बावीस वर्षं ते शून्यावर होतं. दुसऱ्या दिवशी बारा एकोणचाळीसला त्याने दोन बोटांनी ते उणे तीनवर आणलं. पोरगी रडते आणि आपल्याजवळ बटण आहे, एवढाच विचार त्याने केला. टेप दीड मिनिट लांबली. मग सुरुवातीच्या सूचनांचा भाग तो पुढे सरकवून टाकू लागला, म्हणजे एकच्या घंटेशी हिशेब जुळे. त्याच्या दृष्टीने काम चोख झालं होतं.

सूयीला आठवड्याभरात तेरा मिळाले, मग पंधरा, मग सोळा. पण पेट्या साऱ्या वर्गांत होत्या, त्यामुळे वाढले सगळ्यांचेच. वर्गात पोरं म्हणायची, "टेपवरच्या बाईला सर्दी झालीय वाटतं, आवाज बघ कसा बसलाय." इंग्रजीच्या प्रमुख लेइ बाई हे ऐकून क्षणभर थांबल्या आणि पुढचा प्रश्न सांगू लागल्या. फेब्रुवारीत शाळेच्या फाटकावर लाल कापड लागलं, त्यावर लिहिलेलं, श्रवणात सरासरी साडेचार प्रश्नांची वाढ. मुख्याध्यापक खोंग यांनी त्याला 'दुपारची पद्धत' असं नाव दिलं. पद्धत कसली ते त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती. मे महिन्यात जिल्ह्याच्या सभेत लेइ बाईंनी त्या पद्धतीवर बोलायचं ठरलं. लाल कापडाखालून रोज जाताना गोंगच्या छातीला किंचित फुगारा यायचा, आणि त्याला कधी वाटलं नाही की आपण काही चुकीचं करतोय. पोरांना कळत होतं. कळण्यासाठीच तर होतं सगळं.

एप्रिलच्या मध्याला चार तालुक्यांची एकत्र सराव परीक्षा आली. टेप मोहोरबंद पाकिटातून आली, तिच्याबरोबर दुसऱ्या शाळेचा एक निरीक्षक आला आणि खोलीत खुर्ची टाकून बसला. त्याने यादी काढली, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि बोट दाखवलं.

"हे बटण शून्यावर का नाही?"

"पुसताना हललं असेल."

"शून्यावर घ्या."

गोंगने घेतलं. टेप सुरू झाली. बाई धावत होती. इतकी वर्षं तिचा खरा आवाज त्याला पाठ होता, पण चार महिन्यांत त्याचाही कान सुस्तावला होता. खाली बाराशे पोरं हिच्यामागे धावतायत हे त्याला त्या खुर्चीत बसल्याबसल्या कळलं, आणि निरीक्षकासमोर त्याला हातही हलवता येईना. वीस मिनिटं तो त्या बटणाकडे बघत बसला.

निकाल पुढच्या बुधवारी लागला. सरासरी दहाच्या खाली. सूयीला आठ.

तोवर घाबरून त्याने रोजची टेप पुन्हा उणे तीनवर नेली होती. त्याने घोटाळा आणखी वाढला. पोरांना दुपारी पंधरा मिळत होते आणि परीक्षेत आठ, आणि याचा अर्थ प्रत्येकाने आपापला लावला होता. परीक्षा म्हटली की माझं डोकं बंद पडतं. मला बाराशेंच्या गर्दीत ऐकूच येत नाही. सूयीने तर निकाल घेऊन आल्यावर दोन्ही कानांवर तळहात आपटून घेतले. गोंगने धावत जाऊन तिचे हात धरले.

"असं करू नको पोरी."

"बिघडलेत ते. जूनमध्ये मी ऐकणारच नाही. विसांच्या वीस ठिकाणी तिसऱ्या उत्तरावर खूण करून टाकीन, पाच तरी लागतील. बाकीचा वेळ वाचनाला."

"पण तुझे कान..."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं बाबा? तुम्ही फक्त टेप लावता."

गोंगने तिचे हात सोडले आणि तो स्वयंपाकघरात गेला.

दुसऱ्या सकाळी तो लेइ बाईंच्या टेबलाशी उभा राहिला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्याने बटणाचं सगळं सांगितलं, फक्त कोणासाठी केलं ते सोडून. बाई लाल शाईचं पेन बंद करून बसल्या.

"जानेवारीतच माझ्या लक्षात आलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "सर्दी म्हणे. टेपला कसली सर्दी? पण गुण वाढत होते, आणि वर्गातली पोरं पहिल्यांदा हसत होती. मी कानाडोळा केला."

"मग आता काय करायचं?"

"रोज केसभर पुढे घ्या. वीस-पंचवीस दिवसांत शून्यावर येईल. कोणाला कळणार नाही. आणि गोंगमास्तर, हे मी माझ्या भाषणासाठी सांगत नाहीये. म्हणजे त्यासाठीही सांगतेय, खोटं कशाला बोलू. पण पोरांना कळलं की चार महिन्यांचा सराव फुकट गेला, तर उरलीसुरली हिंमत जाईल त्यांची."

हे त्याला पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. गुरुवारी त्याने केसभर फिरवलं, शुक्रवारी केसभर, शनिवारी केसभर. वर जाताना जिन्यात त्याला पोरं भेटत. कोणी हसत नव्हतं. एक मुलगी पायरीवर बसून कानात बोट घालून हलवत होती.

रविवारी शुइयिंगचा फोन आला. सूयीने आईला सगळं सांगितलं होतं, वर रडलीही होती.

"अहो, तिला डुकराचे कान घाला खायला," शुइयिंग म्हणाली. "चांगले मऊ शिजवून, आलं घालून. माझ्या मामाच्या गुडघ्याला डुकराच्या गुडघ्याचं हाडूक उकळून दिलं होतं तेव्हा तो चालायला लागला. कानाला कान लागतो. महिनाभर तरी द्या."

आमच्याकडे हे असंच आहे. जे दुखतं तेच जनावराचं आणून खायचं. गोंग पिशवी घेऊन मंडईत गेला. मटणवाल्या तूनच्या फळीवर डुकराची चार डोकी मांडली होती, आणि चारींना कान नव्हते.

"संपले," तून म्हणाला. "उद्या पहाटे या, तेही रांगेत. ही कसली साथ आलीय गोंगमास्तर? तीन दिवस नुसते कान मागतायत लोकं. डोक्याला गिऱ्हाईक नाही, पायांना नाही. पलीकडच्या फळीवर विचाराल तर तिथेही संपलेत."

"कोण मागतंय?"

"तुमच्याच शाळेचे आईबाप. आत्ता ती गेली ना, छत्रीवाली, तिचा मुलगा म्हणे आधी पंधरा आणायचा, आता सात. म्हणते, पोराचे कान गेले. मी म्हटलं, बाई, कान गेले तर मला तरी कळू द्या, एकाच वेळी सगळ्या गावाचे कसे गेले?" आणि तो सुरा फळीवर पुसत हसला.

गोंग त्या कान कापलेल्या डोक्यांकडे बघत उभा राहिला. एवढे दिवस त्याच्या मनात एकच पोरगी होती. आता त्याला घराघरांत चुलीवर ठेवलेली भांडी दिसली, झाकणाखाली शिजणारे कान, आणि समोर वाटी घेऊन बसलेली पोरं, आपल्यातच काही मोडलंय असं समजून ते चघळणारी. सराव फुकट गेल्याचं कळून हिंमत जाईल म्हणे. इथे हिंमत उरली होती कुठे? तो रिकामी पिशवी घेऊन घरी आला आणि सूयीला त्याने साध्या शेवया करून घातल्या.

सोमवारी बारा पस्तीसला तो वर गेला. दाराला आतून कडी घातली. बारा चाळीसला त्याने टेप न लावता माइक सुरू केला. बावीस वर्षांत त्या माइकवर तो कधी बोलला नव्हता.

"मुलांनो, मी गोंग. घंटावाला. टेप लावायच्या आधी एक सांगायचंय."

स्वतःचा आवाज त्याला चारी बाजूंनी, जरा मागून, परत ऐकू आला. खाली कुठेतरी खुर्ची सरकली.

"डिसेंबरपासून मी टेप हळू चालवत होतो. यंत्राला एक बटण आहे, ते मागे फिरवलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, तुमच्या बाईंना ठाऊकही नव्हतं. तुमचे गुण वाढले ते त्या बटणामुळे आणि पडले तेही त्या बटणामुळे."

जिन्यात पावलं वाजली. दारावर थाप बसली. "गोंग, दार उघडा," मुख्याध्यापक खोंग बाहेरून म्हणाले. "आधी ते बंद करा. गोंग, मी काय म्हणतोय?"

"तुमचे कान होते तसेच आहेत," गोंग माइकला म्हणाला. "डोकंही जागेवर आहे. कोणाचं काही मोडलेलं नाही. घरी जाऊन सांगा, डुकराचे कान आणायचं बंद करा. मला इंग्रजी येत नाही. वेग कमी केल्याने एवढं बिघडेल हे मला कळलं नाही. अजून चाळीसेक दिवस आहेत. शिव्या द्यायच्या तर मला द्या, पण वीस मिनिटांनी. आता टेप खऱ्या वेगाने लागेल, सूचनांसकट."

दार हादरत होतं. त्याने बटण शून्यावर आणलं, नीट वाकून, रेषेला रेष जुळवून. टेप सुरू केली. वीस मिनिटं बाहेर खोंग थांबले होते, कारण टेप चालू असताना त्या शाळेत मुख्याध्यापकसुद्धा आवाज करत नसत. शेवटची टिंग वाजल्यावर गोंगने कडी काढली आणि त्यांनी न मागताच किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"कोणासाठी केलंस हे?" खोंग एकेरीवर आले होते.

"कोणासाठी नाही साहेब. असंच."

पण एक माणूस असा होता ज्याला हे सांगून चालणार नव्हतं. संध्याकाळी सूयी घरी आली ती दप्तर न काढताच त्याच्यासमोर उभी राहिली.

"डिसेंबर म्हणालात. मी जेवताना रडले, त्याच्या दुसऱ्या दिवशी ना?"

"हो."

"म्हणजे माझ्यासाठी."

"हो."

"आज वर्गात सगळे तुम्हाला शिव्या देत होते. मीही दिल्या. आणि मधेच माझ्या लक्षात आलं." तिने दप्तराचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला. "मला रडू दिलं असतंत तर काय झालं असतं बाबा? नऊचे दहा झाले असते माझे, दहाचे अकरा. माझे स्वतःचे. मी सोळा सोळा म्हणून नाचत होते, आईला फोनवर सांगत होते, आणि ते तुमचे होते."

तिने गोधडी गुंडाळली, तांब्या-वाटी घेतली आणि ती शाळेच्या वसतिगृहात राहायला गेली. गल्लीच्या टोकापर्यंत तो तिच्यामागे गेला, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

दोन दिवस फाटकावर आईबाप जमले. एकाने गोंगची गचांडी धरली, दुसऱ्याने सोडवली. लाल कापड उतरलं, लेइ बाईंचं भाषण रद्द झालं. बाई त्यानंतर त्याच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. मात्र रोज दुपारी त्या छोटा टेपरेकॉर्डर घेऊन वर्गावर्गात जायच्या आणि एकेक वाक्य पाचपाचदा लावायच्या. खोलीची किल्ली प्रयोगशाळेच्या टांगकडे गेली. गोंगला झाडांना पाणी घालायचं काम मिळालं. पाणी घालता घालता तो खिडक्यांतून येणारी टेप ऐकायचा, आणि टांगने बटणाला हात लावलेला नाही एवढं कानाने पारखून पुढच्या झाडाकडे जायचा. कोणाला किती मिळतायत हे त्याला कोणी सांगत नव्हतं. शुइयिंगने फोनवर तीन रविवार फक्त एवढंच विचारलं, "जेवते का ती?"

मोठ्या परीक्षेचा इंग्रजीचा पेपर आठ जूनला दुपारी तीन वाजता. ज्याचं मूल परीक्षेला असेल त्याला त्या दिवशी आत पाऊल ठेवता येत नाही, मग तो शाळेचा कोणी का असेना. किल्ली असती तरी गोंग बाहेरच राहिला असता. त्याला आणि आणखी चार बापांना लांब बांबू दिले होते. भिंतीलगतच्या कापराच्या झाडांवर उन्हाळ्यात दिवसभर किडे किरकिरतात, ते हुसकायला. रस्ता दोन्हीकडून बंद केलेला, पलीकडच्या इमारतीचं काम थांबवलेलं, चहावाल्याने किटलीखालचा जाळसुद्धा विझवला होता. तीनला पाच कमी असताना शेवटचा किडा उडाला आणि चारशे आईबाप भिंतीबाहेर गप्प उभे राहिले. कोणी खोकलं नाही.

मग भिंतीपलीकडून बाई बोलू लागली.

शब्द पोचत नव्हते, आणि पोचून उपयोगही नव्हता. गोंग बांबू छातीशी धरून उभा होता. वेग खरा होता, हे त्याला पहिल्या दमातच कळलं. खरा वेग म्हणजे किती, हे आज त्याला पहिल्यांदा समजत होतं. बाईने विचारलं, बाप्याने उत्तर दिलं, मधली रिकामी जागा आली आणि संपली. त्या तेवढ्याशा जागेत आत कुठल्याशा बाकावर सूयीची पेन्सिल एक तर टेकली होती, नाहीतर हवेत राहिली होती. पहिला गेला. दुसरा गेला. प्रत्येक प्रश्नाला त्याच्या मानेवरून घामाचा एक ओघळ उतरत होता. विसाव्यानंतर टिंग वाजली तेव्हा शेजारच्या बापाने त्याच्या हातातला बांबू काढून घेतला, कारण गोंग तो सोडतच नव्हता.

पाचला फाटक उघडलं. पोरं बाहेर आली, कोणी हसत, कोणी आईच्या खांद्यावर तोंड लपवून. सूयी बरीच मागून आली. गोंग चिंचोळ्या सावलीत उभा होता. ती त्याच्यापर्यंत आली, थांबली आणि दप्तर त्याच्याकडे दिलं. बेचाळीस दिवसांत ती त्याच्या एवढ्या जवळ आली नव्हती. किती बरोबर आले हे विचारायला त्याची जीभ रेटेना.

"शेवया केल्यात," तो म्हणाला. "कान नाही आणले."

तिने त्याच्या घामाने भिजलेल्या सदऱ्याकडे पाहिलं.

"सोळा नसतील," ती म्हणाली. "बारा असतील, तेरा असतील. पण ती बोलत होती तेव्हा मी होते तिच्याबरोबर." आणि चालायला लागता लागता, त्याच्याकडे न बघता, "वेग बरोबर होता, बाबा."